तिसरा मेल भरोशाचा

हनीफचाचा माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा समोरच्या चहावाल्यानं आपलं शटर अर्धं खाली ओढून घेतलं. त्याला वाटलं मारामारी सुरू झाली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. पांढरी टोपी, खाकी शर्टावर ऑइलचे डाग, एका हातात नळीवाली तेलाची डबी, असा एक उंच म्हातारा माझ्या काउंटरवर वाकून ओरडत होता.

"जय भीम बेटी. जय भीम बेटी. जय भीम बेटी."

भिंतीवरचा बुद्धाचा फोटो पाहून त्यांनी नमस्कार निवडला असावा. निवड बरोबर होती, पण आवाज असा की झेरॉक्स काढायला आलेल्या दोन मुली कागद टाकून बाहेर पळाल्या. मग त्याच आवाजात, तीनदा, त्यांनी मला सांगितलं की त्यांना मेल पाठवायचा आहे.

"चाचा, मी काही बहिरी नाही," मी म्हटलं. मी तोंडाची फटकळ आहे, आमच्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत कोणालाही विचारा.

"मी बी नाही," चाचा म्हणाले. "चाळीस साल जिनमंधी काढले बेटी. तथी चोवीस मशिनी एकदम चालत. एकदा बोललं तं कोनालेच ऐकू येत नाही. म्हनून तीनदा बोलाचं. एक ऐकाले, एक समजाले, एक भरोशाले."

आणि हे वाक्यसुद्धा त्यांनी मला तीनदा ऐकवलं.

पांढरकवड्याहून केळापूरकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला एक जुनी जिनिंग आहे. कापसातून सरकी वेगळी करून रुई काढायचा कारखाना. हनीफचाचा तिथले फिटर. मशीनचे रोलर घासणं, चामड्याच्या चकत्या बदलणं, पट्ट्या बसवणं, सगळं त्यांच्याकडे. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या सालापासून जिन बंद पडली ती पडलीच. जो थोडा कापूस निघायचा तो मोठ्या, नव्या जिनांकडे जायचा. शेठ नागपूरला राहायला गेले आणि जाताना किल्ली चाचांकडे देऊन गेले. त्या वर्षी दसऱ्याच्या बऱ्याच आधी त्यांचा फोन आला. चालू मशिनी म्हणून कोणी चोवीसच्या चोवीस घेत असेल तर दिवाळीच्या आत पहा, नाहीतर दिवाळी झाली की भंगारवाल्याची गाडी येईल.

"भंगार," चाचा म्हणाले. हा एकच शब्द त्यांनी तीनदा म्हटला तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

जुन्या बिलांवरून, लेटरहेडवरून त्यांनी कुठल्या कुठल्या जिनांचे मेलचे पत्ते उतरवून आणले होते. खानदेश, गुजरात, तेलंगण. तीनशे पत्ते, वहीत, सुवाच्य अक्षरात. मी म्हटलं, बसा, लिहा तुम्हीच, मला फॉर्मवाल्यांची रांग उरकू द्या. ही माझी चूक. तासाभरानं येऊन पाहते तर मला घेरीच यायची बाकी राहिली.

मेल हिंदीत होता, इंग्रजी अक्षरांत, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कॅपिटलमध्ये. मोठी अक्षरं म्हणजे मोठा आवाज हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आपोआपच कळलं होतं, आणि म्हणूनच त्यांनी ती वापरली होती. विषयात 'अर्जंट' तीन वेळा. सुरुवातीला अस्सलाम वालेकुम, राम राम, जय भीम आणि नमस्कार, कारण कोणत्या जिनमध्ये कोण बसलं असेल सांगता येत नाही. खाली चोवीस मशिनींचे चोवीस फोटो. आणि हा मेल त्यांनी तीनशे जणांना एकदम पाठवला होता. तीनदा.

"पोचला असन ना?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी त्यांचं फुकटातलं मेलचं खातंच बंद झालं. नऊशे मेल. कंपनीला वाटलं असेल हा म्हातारा दुनियेला लुटायला निघालाय. चाचांचा चेहरा असा झाला होता की माझं रागावणंच राहून गेलं.

मग मी नागपूरच्या माझ्या मावसभावाला फोन केला. त्याचं कामच हे आहे. तो आधी पाच मिनिटं हसला आणि मग म्हणाला, चाचांच्या कामाचं स्वतःचं डोमेन घे. डोमेन म्हणजे काय, तर इंटरनेटवर आपल्या नावाची पाटी. ती घेतली. पहिला मेल चाचांनी त्या नव्या पाटीवरून मलाच पाठवला. ते स्टुलावर बसलेले, मी पाच फुटांवर दुसऱ्या कंप्युटरवर. मेल येईना. शेवटी मी स्पॅमचा फोल्डर उघडला. तिथं नायजेरियाच्या कुठल्या राजपुत्राच्या आणि लॉटरीच्या मधोमध हनीफचाचा बसलेले.

"हे कोनती जागा हाय?" चाचांनी विचारलं.

"फेकलेल्या मेलची."

"पन मी तं तुह्यासमोर बसून हाय."

"कंप्युटरले तुमी दिसत नाही ना चाचा. त्याले वाटते, नवीन पाटी, कोन जाने कोन हाय."

हे त्यांना फार लागलं. चाळीस वर्षं ज्या गावात प्रत्येक माणूस त्यांना लांबूनच ओळखतो, म्हणजे ऐकूनच ओळखतो, तिथं एका डब्यानं विचारावं की तू कोण. ते उठून बाहेर गेले, चहा न घेता परत आले.

मावसभावानं सांगितलं, डोमेनला तीन नोंदी जोडाव्या लागतात. एसपीएफ सांगते की ह्या नावानं मेल पाठवायची मुभा कोणत्या सर्व्हरला आहे. डीकेआयएम ही मेलवरची सही, मधे कोणी मजकूर बदलला तर तिच्यावरून कळतं. आणि डीमार्क सांगते की पहिल्या दोन जुळल्या नाहीत तर त्या मेलचं काय करायचं. मी हे चाचांना समजावलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"तीन," ते म्हणाले. "पाह्य. हे लोक बी तीनदा सांगतात."

मी त्यांना काय सांगणार, कपाळ.

नोंदी झाल्या तरी काम संपलं नव्हतं. नव्या डोमेनवरून एकदम ढिगानं मेल गेले की पुन्हा स्पॅम. मावसभाऊ म्हणाला, रोज थोडे पाठव, ओळखीच्यांना पाठव, त्यांनी ते उघडले पाहिजेत, उत्तर दिलं पाहिजे, स्पॅममध्ये पडला तर 'हा स्पॅम नाही' म्हणून बाहेर काढला पाहिजे. असं दोन महिने कर. मग अनोळखी लोकांना, रोज दहा-दहा.

"ओळखीचे किती लागतीन?" चाचांनी विचारलं.

"वीसेक तरी."

दुसऱ्या दिवशी ते चोवीस नावांची यादी घेऊन आले. शांताबाई सतरा. कौसल्या चार. रजिया अकरा. सुमन वीस. मला वाटलं, हे काय, वय आहे की रोल नंबर. तर तो मशीनचा नंबर. त्या जुन्या जिनमध्ये एकेका मशीनवर एकेक बाई कापूस घालायला असायची. जिन बंद झाल्यावर कोणी सोयाबीन कापायला जाऊ लागली, कोणी कापूस वेचायला, कोणी वणीकडे लेकीजवळ राहायला गेली. चाचांच्या डोक्यात मात्र अजून प्रत्येक बाई आपापल्या मशीनपाशी उभी होती. आणि त्यांनी ह्या सगळ्यांना, म्हणजे चोवीस बायांना, ज्यांतल्या निम्म्यांना धड सही येत नव्हती, मेलचे पत्ते काढून द्यायला मला सांगितलं. पत्त्यात नाव आणि पुढं मशीनचा नंबर.

मी चक्रावले. पण काढून दिले. नाही म्हणायची सोय नव्हती, तीनदा विचारत होते.

मग जे सुरू झालं ते आमच्या गावानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोरच्या लिंबाखाली चाचा बसायचे आणि बाया रांगेत, प्रत्येकीच्या हातात सुनेचा नाहीतर नातीचा मोबाइल. "स्पॅम दाखव," चाचा ओरडायचे. पहिल्या बाजारात तर एक शेंगदाणेवाला मला बाजूला घेऊन विचारू लागला की ताई, हा कोणता नवा रोग आला, आमच्या वस्तीत बी तपासणी होणार का. ज्या बाया बाजाराला यायच्या नाहीत त्यांच्याकडे चाचा आपल्या लुनावर जायचे. शेताच्या धुऱ्यावर बसून, निंदण करणाऱ्या बाईला हाक मारून, तिचा मोबाइल उघडून, आपला मेल स्पॅममधून बाहेर काढून परत यायचे.

शांताबाई त्या सगळ्यांत तोंडाळ. "चाचा, जिन बंद होऊन दोन साल झाले," ती म्हणायची. "आता एकदा सांगा. माह्या कानाचं भोक मोठं होऊन राह्यलं."

पण ती उत्तर पाठवायची. रोज सकाळी, मोबाइलमध्ये बोलून. 'चाचा, पोचला. सतरा नंबरले तेल दिलं का?' आणि तिचं पाहून बाकीच्याही तसंच विचारू लागल्या. 'चारचा पट्टा पाह्यला का.' 'माही अकरा गंजली तं नाही ना.' चाचा रोज सकाळी जिन उघडून चोवीस मशिनींना तेल द्यायचे, हातानं फिरवून पाहायचे आणि मग माझ्या दुकानात बसून एका बोटानं चोवीस उत्तरं लिहायचे. मी कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण उपटून ड्रॉवरमध्ये टाकलं होतं, त्यामुळं आवाज आता लहान झाला होता. मेल एकदाच पाठवायचा हेही त्यांनी कबूल केलं. फक्त पाठवून झाला की तोच मेल ते कंप्युटरच्या पडद्याला आणखी दोनदा मोठ्यानं वाचून दाखवत. माझ्या गिऱ्हाइकांना सगळ्या मशिनींची तब्येत पाठ झाली होती.

दोन महिन्यांनी मेल बायांच्या थेट इनबॉक्सात पडू लागले. मग आम्ही जिनवाल्यांना पाठवायला सुरुवात केली. रोज दहा. साधा मजकूर, एक नमस्कार, दोन फोटो. आणि उत्तरं यायला लागली, बाप्पा. खानदेशातून आलं, नको. गुजरातेतून आलं, आमच्याकडे आता कापूस आपोआप पडणाऱ्या मशिनी आहेत. वणीच्या बाजूचं एक आलं, दिवाळीनंतर पाहू. सगळे नकारच, पण चाचा प्रत्येक नकारावर खूश.

"पोचला तं," ते म्हणायचे. "नाही म्हनाले, म्हंजे ऐकलं त्यायनं."

मी रागवायचे. "चाचा, पोचून काय उपयोग? दिवाळी आली. घेनारा पाह्यजे."

"येईन," ते म्हणायचे, आणि पुढं आणखी दोनदा.

दिवाळीला आठवडा राहिला. त्या गुरुवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. चाचा सकाळची उत्तरं लिहून गेले होते आणि त्यांचं खातं माझ्या कंप्युटरवर उघडंच होतं. मला एकदम वाटलं, अगं बाई, आपण अख्ख्या तालुक्याचे स्पॅम तपासले, चाचांचा स्वतःचा कोणी कधी पाहिला? म्हणून मी तो फोल्डर उघडला.

वरून तिसराच मेल तेलंगणातल्या एका जिनवाल्याचा होता. अकरा दिवसांपूर्वी आलेला. मशिनींचे फोटो पाहिले, चोवीसही घेतो, आहेत तशा चालवायच्या आहेत, आमच्या गाड्या पाठवतो, पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत होकार कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे ठरवतो. तो शुक्रवार म्हणजे उद्या. आणि मग त्या मेलच्या वर पिवळ्या पट्टीतली ओळ मी वाचली. हा मेल तुम्ही स्पॅम म्हणून नोंदवला आहे.

तुम्ही. म्हणजे कंप्युटरनं टाकला नव्हता. उघडून, वाचून, चाचांनी स्वतःच्या हातानं तो तिथं टाकला होता.

मी तो मेल चारदा वाचला असेल. दुकान तसंच उघडं टाकून ऑटो केला आणि जिनवर गेले. डोकं इतकं तापलं होतं की रस्ताभर मी एकटीच बडबडत होते. तीन महिने. तीन महिने माझं डोकं खाल्लं ह्या माणसानं. तीन नोंदी, चोवीस पत्ते, लिंबाखालची रांग, आणि आलेला एकुलता एक होकार हा फेकून देतो?

जिनच्या शेडमध्ये मी आधी कधी गेले नव्हते. बारा मशिनी इकडं, बारा तिकडं, मधून वाट. एकीवरही धूळ नव्हती. चाचा सतरा नंबरपाशी होते, रोलर हातानं फिरवत. मला पाहून त्यांनी जय भीम घातला, तीनदा, आणि रिकाम्या शेडमध्ये तो आणखी घुमला.

"तेलंगणाचा मेल आलता," मी म्हटलं.

चाचा थांबले. हातातली डबी त्यांनी खाली ठेवली.

"आलता," ते म्हणाले. "मीच टाकला तथी."

एकदाच म्हणाले. हळू. मी त्यांचा खरा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बारीक होता, थोडा घोगरा, आपल्या घरातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसासारखा. मी भांडायला आले होते, पण विचारलं एवढंच.

"काहून चाचा?"

त्यांनी हात पुसले.

"सकाळी उठलो का चोवीस जनी मले इचारतात," ते म्हणाले. "तेल दिलं का, पट्टा पाह्यला का. घरी दुसरं कोनी इचारनारं नाही बेटी. मशिनी गेल्या का मंग ह्या बाया मले कायले लिहितीन? काय इचारतीन?"

मला धक्का बसला, तो त्यांनी मेल लपवला ह्याचा नव्हता. रोज माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून हा माणूस एका बोटानं चोवीस उत्तरं लिहीत होता आणि मी मागून म्हणत होते, चाचा आवरा, रांग लागली. मला एकदाही कळलं नाही. लाज वाटली मला, सरळ सांगते.

"पन भंगारवाला नेईन त्यायले," मी कसंबसं म्हटलं. "मंग बी तं नाहीच राहनार ना चाचा."

"मालूम हाय." त्यांनी सतरा नंबरच्या अंगावर हात ठेवला. "अकरा दिवस झाले, हेच बोलून राह्यलो मनाशी. आज तू आली, बरं झालं. चालली पाह्यजे मशीन. बंद मशीन अन् भंगार, दोन्ही सारखंच." मग ते म्हणाले, "जाय. हो म्हनून लिही. एकदाच पाठव."

मी परत येऊन तो मेल स्पॅममधून बाहेर काढला आणि होकार पाठवला. तासाभरात तिकडून उत्तर आलं. थेट इनबॉक्सात.

दिवाळीच्या दोन दिवस आधी गाड्या आल्या. बाजाराचा दिवस नसूनही बऱ्याच बाया आल्या होत्या, शांताबाई तर कामावर खाडा करून. मला वाटलं होतं, चाचा ड्रायव्हरला प्रत्येक मशीनची माहिती तीन-तीनदा सांगून वेडा करतील. त्यांनी प्रत्येक मशीन चढवताना फक्त नंबर सांगितला आणि बाजूला झाले. सतरा नंबर चढली तेव्हा शांताबाईनं माझा दंड धरला.

"ताई," ती घाबरून म्हणाली, "चाचाची तब्येत बरी नाही का वो? सकाळपासून एकदाच बोलून राह्यले."

मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे स्पॅमचं, आणि त्यांनी मला शेडमध्ये जे विचारलं ते. इतकी तोंडाळ बाई, पदरानं नाक पुसलं आणि घरी गेली.

गाड्या गेल्यावर चाचा दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. ऐन दिवाळीतही माझ्या दुकानात इतकी शांतता होती की समोरचा चहावाला येऊन विचारून गेला, तो म्हातारा ठीक आहे ना. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. काउंटरवर हात टेकले, डबी नव्हती हातात. जय भीम म्हणाले. एकदा. आणि स्टुलावर बसून राहिले.

"मेल पाहाचे का?" मी विचारलं.

"कोनाचे असतीन आता," ते म्हणाले.

मी खातं उघडलं. वर तेलंगणाचा होता, चोवीसही मशिनी पोचल्या, पहिल्या चार-पाच बसवून काल मुहूर्ताला चालूही केल्या, एक लहानसा व्हिडिओही होता आणि त्यात इतका आवाज की मला स्पीकर कमी करावा लागला. चाचांनी माझा हात धरला आणि आवाज परत मोठा करायला लावला. डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकत बसले.

त्याच्या खाली शांताबाईचा मेल होता. मी वाचून दाखवला. 'चाचा, जेवले का?'

त्याच्या खाली पुन्हा तिचाच, तेच शब्द. 'चाचा, जेवले का?'

चाचा पडद्याकडे पाहू लागले. मग माझ्याकडे. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं आणि तिथंच थांबलं. मला कळलं ते काय मोजत होते. तिसरा नव्हता.

मी स्पॅम उघडला. सारखाच मजकूर तिसऱ्यांदा आला म्हणून कंप्युटरनं तो तिथं टाकला होता. मी तो बाहेर काढला आणि इनबॉक्सात, पहिल्या दोघांच्या शेजारी ठेवला.